परसबाग शाळेची, मेहनत मुलांची, निर्णय कोणाचा?

महाबळेश्वर : प्रतिनिधी

महाबळेश्वर म्हटले की स्ट्रॉबेरी, वेण्णा तलाव आणि दाट धुके एवढेच चित्र पर्यटकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. याच डोंगरमाथ्यावर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि त्याच चार महिन्यांत येथील शाळांचे पहिले सत्र सुरू असते, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. शाळेच्या आवारात मुलांनी एकत्र येऊन भाजीपाला पिकवावा, अशी अपेक्षा आता शासकीय योजनांमध्येच नमूद करण्यात आली आहे. शाळा उघडताच बी पेरावे आणि पावसाच्या पाण्यावर रोपे वाढवावीत, हा मैदानी भागातील सल्ला येथे जसाच्या तसा पाळला, तर वाफा महिनाभरही जागेवर राहत नाही. वरची माती वाहून जाते, खालची घट्ट होते आणि उरलेली रोपे मुळाशी कुजतात.

त्यामुळे शाळेची बाग नेमकी कशासाठी करायची आणि तिच्यासंबंधीचे निर्णय कोणी घ्यायचे, हे दोन प्रश्न महाबळेश्वरसारख्या ठिकाणी अटळपणे पुढे येतात. बाग पाहुण्यांना दाखवण्यासाठी असेल, तर माळी नेमून किंवा विकतची रोपे आणून काम भागते. ती मुलांच्या शिक्षणासाठी असेल, तर पेरणी कधी करायची, काय लावायचे आणि रोपे मेली तर का मेली, याचा विचार मुलांनीच करायला हवा.

कल्पना नवी नाही

मुलांनी एकत्र बागकाम करावे, ही कल्पना किमान पावणेदोनशे वर्षे जुनी आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. हे नाव केवळ अलंकारिक नव्हते. फ्रोबेल यांच्या आराखड्यात प्रत्येक मुलाला स्वतःचा एक लहान वाफा आणि त्याभोवती सर्वांचे मिळून सामाईक वाफे, अशी रचना होती. आपल्या वाफ्याकडे दुर्लक्ष झाले तर त्याचा परिणाम आपल्याला दिसतो आणि सामाईक वाफ्याकडे झाले तर तो सर्वांना भोगावा लागतो, हा धडा त्या मांडणीतच गुंफलेला होता.

महाराष्ट्रात या विचाराला वेगळे वळण मिळाले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या माध्यमातून शिक्षण देण्याची ‘नई तालीम’ मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. सूतकताईबरोबरच शेती आणि बागकाम हे त्यातील मूलोद्योग होते. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा, या अपेक्षेवर त्या काळातही आक्षेप घेण्यात आले. शाळेचा कारखाना होईल आणि मूल मजूर बनेल, ही भीती निराधार नव्हती. पुढे नई तालीमच्या शाळा ओसरल्या. परंतु सेवाग्राम येथे २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ ही शाळा नव्याने सुरू झाली आणि तेथे शेती व बागकामाला दैनंदिन अभ्यासात पुन्हा स्थान देण्यात आले.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे केलेले कार्यही याच परंपरेतील आहे. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी ‘कुरणशाळा’ चालवली. मूल जेथे आहे तेथे शाळेने जावे आणि त्याच्या परिसरातूनच ज्ञानाची सुरुवात व्हावी, हा त्यामागील विचार होता.

साताऱ्याचा वारसा

सातारा जिल्ह्यापुरते बोलायचे तर कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण सर्वांत जवळचे. त्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू करण्यात आले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. साताऱ्यातील धनिणीच्या बागेत असलेल्या या वसतिगृहात मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि अंगमेहनतीची कामेही एकत्र करत. ‘कमवा व शिका’ हे सूत्र येथूनच रुजले आणि १९४० मध्ये साताऱ्यात स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कूलमध्ये त्याला संस्थात्मक रूप मिळाले.

या प्रयोगाचे महत्त्व केवळ स्वावलंबनापुरते नव्हते. ज्या काळात एका पाणवठ्यावर पाणी भरणेही सर्वांना मुभा नसे, त्या काळात वेगवेगळ्या जातींची मुले एकाच जमिनीत खांद्याला खांदा लावून राबत होती. कोणते काम हलके आणि कोणते प्रतिष्ठेचे, ही उतरंड अशा सहवासात टिकत नाही. शाळेतील बागेचा विचार करताना हा मुद्दा आजही महत्त्वाचा आहे, कारण खत कालवणारे हात कोणाचे आणि फीत कापताना पुढे उभे राहणारे कोण, यावरूनच ती बाग मुलांना काय शिकवते हे ठरते.

योजनेतील परसबाग

केंद्र सरकारने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांसंबंधी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये मध्यान्ह भोजन योजनेला ‘पीएम पोषण’ हे नाव देण्यात आले, तेव्हाही अशा बागांवर भर कायम ठेवण्यात आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी सुतारकाम, कुंभारकाम यांच्या जोडीने बागकामाचाही अनुभव घ्यावा, असे म्हटले आहे. महाराष्ट्रातील शाळांना ‘कार्यानुभव’ या विषयामुळे बागकाम पूर्वीपासूनच परिचित होते. अलीकडच्या काळात परसबागांच्या स्पर्धाही घेण्यात आल्या.

योजनेचा हेतू चांगला असला, तरी बागेकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवायची याचे गणित मांडून पाहणे आवश्यक आहे. पोषण आहाराच्या निकषानुसार प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलाला दररोज ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकमधील मुलाला ७५ ग्रॅम भाजी मिळायला हवी. चाळीस मुलांच्या प्राथमिक शाळेला म्हणजे दिवसाला दोन किलो आणि दोनशे दिवसांच्या हिशेबाने वर्षाला चारशे किलो भाजी लागेल. शाळेच्या आवारातील दहा-वीस चौरस मीटरच्या वाफ्यांतून एवढी भाजी निघणे शक्य नाही. त्यामुळे परसबाग हा भाजी खरेदीला पर्याय होऊ शकत नाही. आठवड्यातून एकदा आमटीत पडणारी मेथी, कोथिंबीर किंवा शेवग्याचा पाला मुलांनी स्वतः लावलेला असणे, एवढीच माफक अपेक्षा वास्तवाला धरून आहे.

अभ्यास काय सांगतात?

मुलांनी स्वतः पिकवलेली भाजी ती आवडीने खातात, असे सर्रास म्हटले जाते. ते कितपत खरे आहे? ब्रिटनमधील संशोधकांनी लंडनच्या प्राथमिक शाळांमध्ये केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ बाग सुरू केल्याने मुलांच्या फळे-भाज्या खाण्यात फारसा फरक पडल्याचे त्यात आढळले नाही. तथापि ज्या शाळांनी बागकाम खऱ्या अर्थाने शाळेच्या कामकाजात सामावून घेतले, तेथे भाजी-फळांचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले. अमेरिकेतील टेक्सास राज्यात १६ प्राथमिक शाळांत झालेल्या अभ्यासात बागकामाला पोषणाचे धडे आणि प्रत्यक्ष स्वयंपाक यांची जोड देण्यात आली होती. तेथे मुलांच्या आहारातील भाज्या वाढल्या.

या दोन्ही अभ्यासांचा रोख एकच आहे. बाग अस्तित्वात असणे पुरेसे नाही. ती पेरणीपासून ताटापर्यंत मुलांच्या रोजच्या व्यवहारात यायला हवी. कुलूपबंद जाळीमागची, फलक लावलेली आणि तपासणीच्या आदल्या दिवशी नटवलेली बाग यात बसत नाही.

जांभ्याची माती, धो धो पाऊस

महाबळेश्वरच्या संदर्भात हा रोजचा व्यवहार उभा करायचा, तर आधी येथील निसर्ग समजून घ्यावा लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंचीवरील या पठाराचा माथा जांभ्या खडकाचा आहे. लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे ठेवून पावसाचे पाणी चुना, मॅग्नेशियम यांसारखे घटक धुऊन नेते. त्यामुळे माती तांबडी आणि आम्लधर्मी होते. पाऊस एवढा असूनही मार्चनंतर पाण्याची ओढ लागते, कारण सच्छिद्र जांभ्यातून पाणी झिरपून निघून जाते.

पावसाचे प्रमाणही दर काही मैलांवर बदलते. महाबळेश्वरहून पूर्वेला जेमतेम १९ किलोमीटरवर असलेल्या पाचगणीत पाऊस एक तृतीयांशाच्या आसपास येतो आणि घाट उतरून वाईत गेल्यावर तो आणखी घटतो. एकाच जिल्ह्यातील, किंबहुना एकाच रस्त्यावरील तीन गावांतील शाळांना पेरणीचे एक वेळापत्रक लागू पडणार नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

येथे बाहेरून आलेली पिके रुजवण्याचा इतिहास मोठा आहे. १८२९ च्या सुमारास जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने हे गिरिस्थान वसले आणि त्यानंतर येथील तुरुंगात मलाया व चीनकडील कैदी ठेवण्यात आले. १८६४ पर्यंत चाललेल्या या तुरुंगातील कैदी बटाटे आणि विलायती भाज्यांची लागवड करत. आज सर्वांच्या परिचयाची असलेली स्ट्रॉबेरीही परदेशातूनच आली. तिने या मातीशी एवढे नाते जोडले, की २०१० मध्ये ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला भौगोलिक निर्देशांक मिळाला. कोणते पीक कोणत्या महिन्यात कोणत्या उतारावर टिकते, हे ज्ञान येथे पिढ्यानुपिढ्यांच्या निरीक्षणातून तयार झाले आहे. शाळेतील मुले त्याच निरीक्षणाची सुरुवात आपल्या वाफ्यापासून करू शकतात.

डोंगरमाथ्याचे वेळापत्रक

जून ते सप्टेंबर हा काळ येथे उघड्यावर पालेभाजी लावण्याचा नाही. या काळात चर खणून पाण्याला वाट करून देणे, वाफे उंच करणे, गवत आणि पालापाचोळ्याने माती झाकणे ही कामे करावी लागतात. पावसाळ्यापूर्वी घरांच्या भिंती गवताच्या ताट्यांनी झाकण्याची येथे जुनी रीत आहे. मातीला पांघरूण घालण्यामागचे तत्त्वही तेच. डोंगरउतारावर पूर्वापार होणारी नाचणी आणि वरी यांचा एखादा पट्टा मुलांना लावता येतो. जांभूळ, हिरडा यांसारख्या स्थानिक झाडांची रोपे लावण्यासही हाच काळ योग्य.

याच दिवसांत पर्जन्यमापक हे बागेतील सर्वांत महत्त्वाचे साधन ठरते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे समीकरण पाचवीतल्या मुलालाही समजते. शाळेचे छप्पर शंभर चौरस मीटरचे असेल, तर शंभर मिलिमीटर पावसात त्यावर दहा हजार लिटर पाणी पडते आणि जुलैमध्ये एवढा पाऊस येथे एका दिवसातही होतो. गळती आणि सांडणारे पाणी सोडले, तरी दोन दिवसांत दहा हजार लिटरची टाकी भरेल. दहा चौरस मीटरच्या वाफ्यांना दररोज ५० लिटर पाणी दिले, तर ही टाकी दोनशे दिवस पुरते. धो धो पाऊस आणि उन्हाळी टंचाई यांतील कोडे मुलांना पाठ्यपुस्तकापेक्षा या हिशेबातून लवकर उलगडेल.

खरा हंगाम पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. गाजर, मुळा, बीट, वाटाणा, फरसबी, मेथी, कोथिंबीर या पिकांना येथील थंडी मानवते. अडचण अशी, की वाफे कोवळे असतानाच दिवाळीची सुटी लागते. सुटीत पाणी कोण घालणार, याची पाळी आधी ठरवली नाही, तर सारी मेहनत दोन आठवड्यांत वाळून जाते. डोंगराळ भागात रानडुकरे, माकडे आणि कोठे कोठे गवे यांचाही उपद्रव होतो. म्हणून कुंपण कोठे घालायचे आणि रानाच्या कडेला काय लावू नये, हेही मुलांच्या चर्चेत यायला हवे. एप्रिलमध्ये शेवटची काढणी करून बियाणे राखेत मिसळून ठेवावे आणि वाफे पाल्याने झाकून मे महिन्याच्या सुटीला जावे, असा हा वर्षाचा फेरा आहे.

शेतकऱ्यांच्या मुलांना बाग कशाला?

महाबळेश्वर आणि भिलार परिसरातील अनेक मुलांच्या घरी स्ट्रॉबेरीची शेती आहे. त्यांना शाळेने बागकाम शिकवावे ते काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. घरच्या शेतात मूल रोपे लावताना, फळे खुडताना आणि ती डब्यात भरताना पाहते. पण तेथे प्रत्येक रोपामागे पैसा गुंतलेला असतो. झाकलेल्या आणि न झाकलेल्या वाफ्यांत काय फरक पडतो, हे पाहण्यासाठी घरचा अर्धा वाफा उघडा ठेवण्याची मुभा कोणताही बाप देणार नाही. शाळेच्या वाफ्यात मात्र तो प्रयोग करता येतो. तेथे पीक गेले, तरी कोणाचे कर्ज थकत नाही.

स्ट्रॉबेरीच्या फळाचेच उदाहरण घेता येईल. फळाच्या पृष्ठभागावर दिसणारे बारीक पिवळे दाणे ही वनस्पतिशास्त्रानुसार खरी फळे आहेत आणि आपण खातो तो फुगलेला देठाचा भाग. ज्या दाण्यांचे परागीभवन झाले, त्यांच्या भोवतीचाच गर नीट फुगतो. बाकीचा आक्रसतो आणि फळ वेडेवाकडे होते. चार फुलांवर जाळीदार कापड बांधून मधमाश्यांना अडवले आणि चार फुले मोकळी ठेवली, तर हा फरक मुलांना डोळ्यांनी पाहता येतो. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे आणि तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. सातेरी मधमाशी आणि आपल्या ताटातील फळ यांचा संबंध समजण्यासाठी याहून योग्य जागा शोधूनही सापडणार नाही.

हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते आणि जड झालेली थंड हवा सखल भागात साठते. बागेच्या वरच्या व खालच्या टोकाला एकेक तापमापक लावून आठवडाभर नोंदी घेतल्या, तर ‘दव कोठे गोठते’ या प्रश्नाचे उत्तर मुले स्वतः शोधू शकतील.

काम, शिक्षा आणि शिक्षण

बागकामाची दुसरी बाजूही विसरता येणार नाही. गृहपाठ न करणाऱ्याला मैदानातील गवत उपटायला लावणे, हा प्रकार अनेक पिढ्यांनी अनुभवला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला मनाई केली. मात्र श्रम म्हणजे शिक्षा हे समीकरण एकदा मनात बसले, की बागेची गोडी लागणे कठीण. म्हणून बागकाम कधीही दंड म्हणून देऊ नये, हा पहिला नियम असावा.

दुसरा नियम कामाच्या वाटपाचा. झाडलोट आणि पाणी भरणे मुलींकडे, खणणे मुलांकडे आणि शेणखत कालवणे ठरावीक घरांतील मुलांकडे, अशी विभागणी नकळत होऊन बसते. दर आठवड्याला फिरणारी पाळी हा त्यावरील साधा उपाय आहे. वेगवेगळ्या इयत्तांतील चार-पाच मुलांचा गट करून पाणी, नोंदी, कीड-निरीक्षण, खतखड्डा आणि अवजारे ही कामे प्रत्येक गटाकडे आळीपाळीने द्यावीत. वाड्या-वस्त्यांवरील कमी पटाच्या शाळांत पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत बसतात. वर्गात अडचणीची ठरणारी ही परिस्थिती बागेत मात्र उपयोगी पडते, कारण थोरल्या मुलांकडून धाकटी मुले सहज शिकतात.

तिसरा नियम मर्यादेचा. आठवड्यातून दोन-तीन तास, वयाला झेपतील अशी अवजारे, कीटकनाशकांना पूर्ण मज्जाव, पालापाचोळ्यात हात घालण्यापूर्वी काठीने चाळवून पाहणे आणि काम संपल्यावर साबणाने हात धुणे, एवढी शिस्त पाळली, तर शैक्षणिक श्रम आणि बालमजुरी यांतील सीमारेषा पुसली जाणार नाही. बागेतील उत्पन्न शाळेच्या खर्चासाठी नव्हे, तर मुलांच्या ताटासाठी, हेही सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवे. वर्ध्याच्या परिषदेत घेतल्या गेलेल्या आक्षेपांचे उत्तर यातच सापडते.

या सर्वांना जोडणारी गोष्ट म्हणजे बागेची वही. काय पेरले, केव्हा उगवले, किती पाऊस पडला, काय मेले आणि पुढच्या वर्षी काय वेगळे करायचे, याच्या नोंदी मुलांच्याच अक्षरात व्हाव्यात. चौथीतील मुले शाळा सोडून जातात, शिक्षकांच्या बदल्या होतात. परंतु वही शाळेत राहते. तीन-चार वर्षांच्या नोंदी जमल्या, की त्या शाळेपुरते पेरणीचे वेळापत्रक तयार होते आणि ते मुलांनी स्वतः तयार केलेले असते.

परसबागेची पाहणी करायला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी वाफ्यांची संख्या आणि फलकाचा रंग यांच्याबरोबर ही वही मागवून पाहिली, तर बरेच काही साधेल. ज्या वहीत ‘मेथी कुजली, कारण चर उथळ होता’ असे एखादे वाक्य आढळेल, त्या शाळेतील बाग मुलांची आहे असे खुशाल समजावे.